दिवाळीला येऊन गेलेल्या विहीणबाईंचे आभाराचे पत्र: ते कसे वाचावे आणि उत्तर काय लिहावे

गिरगावातील एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे घर चाळीतील दोन खोल्यांचे. दिवाळीत सांगलीहून विहीणबाई, व्याही आणि त्यांचा सात वर्षांचा नातू आठ दिवस राहून गेले. त्या दिवसांत घरातील पुरुष गॅलरीत झोपत होते. सूनबाईंना तिसरा महिना आहे. परतल्यावर विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने आंतर्देशीय पत्र लिहून आभार मानले. ताईंना पत्र आवडले, परंतु त्यातील ‘जागा थोडी असली तरी’ हे शब्द मनाला लागून राहिले. त्या विचारतात, हा टोमणा समजावा का? फोन करून ‘पत्र मिळाले’ एवढे सांगितले तर पुरेल का? आणि लिहायचेच असेल, तर मायन्यापासून सगळे विसरले आहे, सुरुवात कोठून करावी?

त्यांनी पाठवलेला पत्राचा मजकूर असा आहे:

‘सौ. विहीणबाईंस, सप्रेम नमस्कार वि. वि. आम्ही काल सकाळी महालक्ष्मीने सुखरूप पोहोचलो. गाडीत झोप लागली. दिवाळीचे आठ दिवस कसे गेले ते कळलेच नाही. जागा थोडी असली, तरी तुमच्याकडे आम्हाला कधी संकोच वाटला नाही, हे मी इथे सर्वांना सांगितले. ह्यांच्या गुडघ्यासाठी तुम्ही शेजारून खुर्ची आणवलीत, त्याची आठवण हे सारखी काढतात. तुमच्या अनारशांना पडली तशी जाळी माझ्या हातून अजून पडलेली नाही. डबा आमच्याकडे राहिला आहे. लेकीला सकाळी मळमळत असेल, तर उठण्याआधी कोरड्या लाह्या द्याव्यात, अर्थात तुम्ही पाहालच. तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. कळावे, लोभ आहे तो वाढावा.’ आणि खाली, रेघ सोडून वर चढत गेलेल्या अक्षरांत नातवाचे: ‘आजी, किल्ल्यावर ठेवलेला माझा मावळा अजून आहे का?’

ताई, मी दादरच्या एका शाळेत ३२ वर्षे मराठी शिकवले. नववी-दहावीच्या मुलांकडून पत्रे लिहून घेणे हा माझ्या कामाचा मोठा भाग होता आणि निवृत्तीनंतरही अनेक जण आपली घरगुती पत्रे घेऊन माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून सांगते, की तुम्हाला आलेले पत्र फार चांगले आहे. मात्र तुम्ही ज्या वाक्यापाशी अडलात, ते त्यातील मुख्य वाक्य नाही.

तरी आधी त्याच वाक्याकडे पाहू, कारण ती सल मनातून गेल्याशिवाय तुमच्या हातून मोकळे उत्तर लिहिले जाणार नाही. मराठीत ‘असली तरी’ म्हणून वाक्य जोडले, की त्याचा भार उत्तरार्धावर पडतो. पहिला भाग मान्य करून बाजूला ठेवायचा असतो आणि सांगायचे ते पुढे असते. टोमणा मारायचा असता, तर क्रम उलटा झाला असता: ‘तुमच्याकडे संकोच वाटला नाही, पण जागा थोडी पडली.’ तेथे शेवटचा ठसा जागेचा राहतो. विहीणबाईंनी शेवटचा ठसा संकोच न वाटण्याचा ठेवला आहे. शिवाय त्यांनी जागेला अपुरी म्हटले नाही, अडचणीची म्हटले नाही, ‘थोडी’ म्हटले. हाच शब्द पत्राच्या शेवटी पुन्हा आला आहे: ‘आभार मानावेत तेवढे थोडे.’ ज्या मापाने त्यांनी तुमची जागा मोजली, त्याच मापाने स्वतःचे आभारही मोजले. अशा लिहिणाऱ्या बाईच्या मनात खोट नाही, असे मी पूर्ण विश्वासाने म्हणते.

आता ‘संकोच’ हा शब्द. आपल्याकडे कितीतरी घरांत, मुलीला मूल होईपर्यंत आईवडील तिच्या सासरी जेवत नसत, काही ठिकाणी तर पाणीही घेत नसत. आज तो नियम म्हणून कोणी पाळत नसले, तरी त्या पिढीच्या माणसांच्या अंगात तो मुरलेला असतो. लेकीच्या सासरी आठ दिवस राहणे, तिथली मोरी वापरणे, दुखऱ्या गुडघ्यामुळे चाळीच्या सामाईक संडासाची अडचण विहिणीपुढे उघड होणे, या सगळ्यातून त्या गेल्या आहेत. ‘संकोच वाटला नाही’ हे त्यांनी लिहिले, तेव्हा एक जुने ओझे उतरल्याचे त्या तुम्हाला सांगत आहेत. आणि त्यापुढचे शब्द पाहा: ‘हे मी इथे सर्वांना सांगितले.’ मुलगी मुंबईला, दोन खोल्यांत दिली म्हणजे नातेवाईक काय काय विचारतात, ते आपल्याला ठाऊक आहे. त्या सर्वांपुढे विहीणबाई तुमच्या घराची बाजू घेऊन उभ्या राहिल्या आहेत.

आभाराचे पत्र वाचताना मी नेहमी दोनदा वाचायला सांगते. पहिल्यांदा सलग, आनंदासाठी. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वाचनात ठरीव वाक्ये सोडून द्यावीत आणि ज्या गोष्टी त्याच घरात राहिलेल्या माणसालाच लिहिता आल्या असत्या, तेवढ्यांखाली रेघ ओढावी. तुमच्या पत्रात अशा रेघा खुर्ची, अनारशांची जाळी, डबा, लाह्या आणि मावळा यांच्याखाली येतील. त्यानंतर प्रत्येक रेघेपाशी थांबून पाहावे, की येथे काही विचारलेले आहे का. प्रश्नचिन्ह फक्त मावळ्यापुढे आहे. पण खरा प्रश्न लाह्यांच्या वाक्यात आहे.

‘लेकीला सकाळी मळमळत असेल, तर उठण्याआधी कोरड्या लाह्या द्याव्यात, अर्थात तुम्ही पाहालच.’ हे वाक्य तीन वेळा वाचा. आई सूचना करते, आणि सूचना करताच आपण विहिणीच्या कारभारात हात घातला की काय, असे वाटून मागे सरते. ‘अर्थात तुम्ही पाहालच’ या तीन शब्दांत तिने मुलगी तुमच्या हाती सोपवली आहे. माझी मुलगी कशी आहे, असे तिने सरळ विचारलेले नाही, कारण तसे विचारणे म्हणजे तुमच्यावर अविश्वास दाखवणे होईल, असे तिला वाटते. आठ दिवसांपूर्वीपर्यंत ती लेकीला डोळ्यांनी पाहत होती. आता ते डोळे तुमचे आहेत. खुर्चीबद्दलचे आभार, अनारशांचे कौतुक, जागेचे वाक्य हे सगळे मनापासूनच लिहिलेले आहे, पण ते सगळे या एका वाक्यापर्यंत येऊन पोहोचते. तुमचे उत्तर मुख्यतः या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असले पाहिजे.

म्हणूनच केवळ फोन पुरणार नाही, असे माझे मत आहे. फोन अवश्य करा, पत्र मिळाल्याचे त्याच दिवशी सांगा. पण फोनवर ‘कशी आहे?’ याला ‘छान आहे’ एवढेच उत्तर जाते आणि दोन मिनिटांत बोलणे गॅसच्या सिलिंडरवर येते. पत्रात चार ओळी लेकीविषयी लिहाल, त्या विहीणबाई दुपारी पुन्हा काढून वाचतील, व्याह्यांना वाचून दाखवतील. ज्यांनी हाताने लिहिले आहे, त्यांना हातानेच लिहिलेले उत्तर जावे, आणि ते आठवड्याच्या आत जावे. महिना लोटला, की उत्तराची सुरुवात उशिराबद्दलच्या कारणांनी करावी लागते आणि पत्राचा ताजेपणा तिथेच जातो.

उत्तरात काय टाळावे, ते आधी सांगते, कारण चांगली माणसेही येथेच चुकतात. ‘आभार कसले, ते तर आमचे कर्तव्यच होते’ हे वाक्य आपण नम्रता म्हणून लिहितो. परंतु समोरच्याने प्रेमाने पुढे केलेली वस्तू त्यामुळे परत सरकवली जाते, आणि ‘कर्तव्य’ म्हटल्यावर आठ दिवसांच्या आनंदाला हजेरीपटाची कळा येते. ‘आभार मानून परके करू नका’ हेही तसेच. आपल्या घरांत आईला किंवा भावाला कोणी आभार म्हणत नाही, हे खरे आहे. ‘आभार’ या शब्दातच भार आहे, तो जवळच्या माणसावर घालू नये, असा त्यामागचा भाव. पण विहीण हे नाते मानाचेही आहे आणि नवेही आहे. त्या नात्यात आभार मानणे शोभते, आणि मानलेल्या आभाराबद्दल रागावणे शोभत नाही. ते स्वीकारावेत आणि पुढे जावे.

जागेबद्दल एक अक्षरही लिहू नये. ‘मुंबईत जागा अशाच असतात’, ‘पुढच्या वर्षी मोठे घर घेण्याचा विचार आहे’ असे काही लिहिलेत, तर ते वाक्य तुम्हाला लागले हे त्यांना कळेल आणि पुढचे पत्र लिहिताना त्या प्रत्येक शब्द तोलतील. तसेच संडासाच्या सोयीसाठी आणवलेल्या त्या खुर्चीचा उल्लेख नावाने करू नये. त्यांनी किती हळुवारपणे नुसते ‘खुर्ची’ म्हटले आहे! तुम्ही फक्त गुडघ्याची चौकशी करा. बाळंतपण सांगलीला की मुंबईला, हा विषयही या पत्रात आणू नका. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे आणि त्याची बोलणी समोरासमोर बसून व्हावीत. आभाराच्या उत्तरात तो विषय आला, की बाकीचे सगळे पत्र त्याची प्रस्तावना वाटू लागते.

अनारशांच्या कौतुकावर मात्र ‘कसचे, साधेच तर झाले होते’ असे म्हणून थांबू नका. स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली बाई जेव्हा जाळीबद्दल लिहिते, तेव्हा तिला ती कशी पडली हे हवे असते. तांदूळ तीन दिवस भिजवताना रोज पाणी बदललेत का, पीठ गुळात मळून किती दिवस मुरू दिलेत, तुपाची आच किती ठेवलीत, खसखस लावलेली बाजू वर ठेवून तूप झाऱ्याने कसे उडवलेत, हे तुम्ही जे प्रत्यक्ष केलेत ते लिहा. कौतुकाला दिलेले याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

आता मायना. बरोबरीच्या नात्याला ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ म्हणजेच ‘स. न. वि. वि.’ योग्य आहे. विहीणबाईंनी तेच वापरले आहे, तुम्हीही तेच ठेवा. ‘तीर्थरूप’ आईवडील, आजीआजोबा अशा घरच्या वडीलधाऱ्यांना लिहितात आणि त्यांच्यासारख्या आदरणीय इतरांना ‘तीर्थस्वरूप’. विहिणीला त्यांपैकी काही लिहू नये. नातवाला ‘चि.’ आणि ‘अनेक आशीर्वाद’. माझे विद्यार्थी ‘पत्रास कारण की’ फार लिहीत. अर्ज-विनंतीत ते चालते, आभाराच्या उत्तराला वेगळे कारण सांगावे लागत नाही. ‘तुमचे पत्र मिळाले, वाचून आनंद झाला’ ही सुरुवातही मी वर्गात खोडून टाकत असे आणि विचारत असे: पत्र कोणत्या दिवशी आले, कोणी उघडले, कोणाला वाचून दाखवले? हे तीन तपशील लिहिले, की आनंद झाला हे वेगळे लिहावे लागत नाही.

खाली एक नमुना देते. त्यातील बातम्या माझ्या कल्पनेतल्या आहेत. त्यांच्या जागी तुमच्या घरातील खऱ्या बातम्या घाला.

‘॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई

सौ. विहीणबाईंस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र शुक्रवारी दुपारी आले. आधी मी एकटीने वाचले आणि संध्याकाळी सगळे घरी आल्यावर मोठ्याने वाचून दाखवले. गाडीत झोप लागली हे ऐकून ह्यांना फार बरे वाटले.

तुमच्या लेकीला सकाळी अजून मळमळते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे उशाशी लाह्यांची वाटी ठेवते. ती चार लाह्या खाऊन मगच उठते आणि चहा पोटात टिकतो. दुपारचे जेवण नीट जाते. परवा डॉक्टरांकडे मी बरोबर गेले होते. वजन आणि रक्तदाब ठीक आहे, असे त्यांनी सांगितले. सकाळी कामावर जाताना चर्नी रोड स्थानकापर्यंत मुलगा तिच्याबरोबर जातो. रात्री ती लवकर झोपते, मी उठवत नाही.

तुम्ही गेल्यावर दोन दिवस घर ओकेबोके वाटले. तुम्ही दारात काढलेली ठिपक्यांची रांगोळी मी वहीत उतरवून घेतली होती. तीच आता रोज काढते आणि शेजारणी ओळखतात, की ही सांगलीची.

अनारशांचे पीठ यंदा मी गुळात मळून आठ दिवस ठेवले होते आणि तूप बेताचेच तापवले. जाळी त्यामुळेच पडली असावी. पुढच्या वेळी आपण बरोबर करू, म्हणजे हात कोणाचा आणि पीठ कोणाचे ते कळेल.

व्याह्यांचा गुडघा थंडीत कसा आहे, ते अवश्य कळवावे. डबा पाठवण्याची घाई करू नये. डोहाळजेवणाला याल, तेव्हा बरोबर आणावा.

तुम्ही आमच्या घराविषयी सर्वांना जे सांगितलेत, ते मी विसरणार नाही. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमची,
विहीण’

या नमुन्यातील काही गोष्टींमागचा विचार सांगते. मळमळ अजून आहे, हे लपवलेले नाही. ‘सर्व ठीक आहे, काळजी नसावी’ असे लिहिले, तर आईची काळजी वाढते, कारण तिला ठाऊक असते, की तिसऱ्या महिन्यात सर्व ठीक नसते. काय होते, त्यावर काय करतो आणि डॉक्टर काय म्हणाले, अशा क्रमाने खरे लिहिले, तरच तिच्या मनाला विसावा मिळतो. ‘तुम्ही सांगितल्याप्रमाणे’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. ज्या सूचनेबद्दल त्या लिहिता लिहिता संकोचल्या, ती तुम्ही ऐकलीत आणि ती उपयोगी पडली, हे त्यांना कळावे. तुम्ही लाह्या दिल्या नसतील आणि आल्याचा तुकडा किंवा आवळासुपारी देत असाल, तर तसेच लिहा. खोटे लिहू नका, ते लेकीच्या फोनमधून कळतेच.

‘सूनबाई’ न लिहिता ‘तुमची लेक’ लिहिले आहे. तिला माहेरी ज्या नावाने हाक मारतात, ते नाव तुम्हाला ठाऊक असेल, तर तेच लिहावे. लग्नात नाव बदलले असेल, तर याचे मोल अधिकच. आणि पत्राच्या तळाशी दोन बोटे जागा सोडून ती तिला द्या. तिने काय लिहावे हे सुचवू नका आणि लिहिलेले वाचूही नका. आई त्या दोन ओळींतील अक्षर पाहील, हात स्थिर आहे ना तेही पाहील.

नातवाचे उत्तर आजीच्या पत्रात कोपऱ्यात घालू नये. त्याला वेगळा कागद द्यावा. त्याने एकच प्रश्न विचारला आहे आणि त्याचे नेमके उत्तर त्याला हवे आहे. चाळीतल्या मुलांना विचारा, किल्ला अजून उभा आहे का. मोडला असेल, तर मोडला असे लिहा, आणि मावळा कोणाकडे आहे तेही लिहा. ‘चि. … यास अनेक आशीर्वाद. किल्ला सोमवारी मुलांनी मोडला, कारण माती वाळून तडे गेले होते. तुझा भालावाला मावळा दुसऱ्या मजल्यावरच्या दादाने जपून ठेवला आहे. पुढच्या वर्षी तो मुख्य दरवाजावर उभा करायचा असे ठरले आहे.’ एवढे पुरे. ‘अभ्यास कर, आईचे ऐक’ असे काही त्यात घालू नका. त्याने त्याबद्दल विचारलेले नाही. किल्ल्याचा फोटो असेल, तर तोही घाला.

फोटो आणि वेगळा कागद घालायचा म्हणजे आंतर्देशीय पत्र चालणार नाही, कारण त्यात काहीही घालण्यास मनाई असते आणि ती सूचना त्याच्यावर छापलेलीच असते. पोस्टकार्ड ५० पैशांत जाते, पण ते उघडे असते, आणि लेकीच्या तब्येतीची बातमी उघड्यावर पाठवू नये. साधे पाकीट घ्या. पत्त्याखाली पिनकोड सहाही आकडे सुटे आणि स्पष्ट लिहा. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, संस्कृतचे मोठे कवी होते, हे मी प्रत्येक वर्गाला आवर्जून सांगत असे. त्यातील पहिला आकडा विभाग दाखवतो. महाराष्ट्राचा ४, म्हणून तुमच्या ४००००४ ची आणि सांगलीच्या ४१६४१६ ची सुरुवात सारखीच आहे. पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात तुमचा पत्ताही लिहा, आणि पत्र बंद करण्याआधी लेकीविषयीचा परिच्छेद एकदा विहीणबाईंच्या जागी बसून वाचा. त्यानंतरही ‘पण ती कशी आहे?’ असे विचारावेसे वाटले, तर अजून दोन वाक्ये घाला.